ड्रेसरबाईंचा बोकड

माझी मावशी जनावरांना अहो-जाहो करायची. गुरांच्या दवाखान्यात ती ड्रेसर होती. जखमा धुणं, मलम भरणं, पट्ट्या बांधणं हे तिचं काम. चाळीस वर्षं तिनं ते केलं. लाथा खाल्ल्या, शिंगं चुकवली, एका खोंडानं तिच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी करून ठेवली. पण लोखंडी खोड्यात जनावर उभं राहिलं की तिचा सूर ठरलेला असे. "या काकू. फार दुखतंय का? दाखवा बघू." म्हातारा बैल असला तर, "आबासाहेब, पाय जरा इकडे घ्या. हां, असे."

डॉक्टर हसायचे. "बाई, माझ्याशी कधी इतक्या गोडीनं बोललात तर मीसुद्धा गपगुमान इंजेक्शन घेईन."

"आदरानं बोललं की ते लाजतात," मावशी म्हणायची. "लाजलेलं जनावर लाथ मारत नाही."

माणसांशी मात्र ती तुटक बोलायची. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या मामाकडे राहायची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातल्या आतल्या खोलीच्या खिडकीखाली तिची कॉट. मामा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होता. मामी घर सांभाळायची आणि बोलायची. आमचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे मी निम्मी तिथेच वाढले.

या दोघा भावंडांचं आयुष्य मार्गी लावलं ते हेडसरांनी. त्यांना सगळं गाव हेडसरच म्हणायचं, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी. आजोबा अचानक गेले तेव्हा मावशी सतरा वर्षांची होती. हेडसर स्वतः तिचा अर्ज घेऊन दवाखान्यात गेले होते. "मुलगी गणितात कच्ची आहे," त्यांनी तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं, "पण रक्त बघून डोळे मिटत नाही." मामालाही वाचनालयात त्यांनीच चिकटवला. पुढे ते वाचनालयाचे अध्यक्ष झाले. रोज पाचच्या ठोक्याला यायचे, सगळी वर्तमानपत्रं वाचायचे आणि प्रत्येकाची घडी पुन्हा मोडल्या जागी नीट घालून ठेवायचे. सत्तरीनंतर त्यांनी कवळी बसवली होती. ती कधी धड बसलीच नाही. बोलायच्या आधी त्यांचा जबडा दोन-तीनदा डावीउजवीकडे हलायचा, जणू शब्द चावून बारीक करून मग बाहेर सोडतायत. आम्हाला त्याची सवय झाली होती. त्यांच्यापुढे हसायची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर हसावंसं वाटतही नव्हतं.

मावशीची चित्रं एका मेंढीपासून सुरू झाली. एका म्हाताऱ्या मेंढपाळाची ती मेंढी चार महिने दवाखान्यात येत होती, पायाची जखम चिघळलेली. शेवटी गेली. म्हातारा पायरीवर बसून राहिला, उठेचना. मावशीनं पाणी दिलं. तो म्हणाला, "बाई, इतकी वर्षं माझ्याबरोबर हिंडली. तिचा एक फोटोपण नाही माझ्याकडं."

घरी येऊन मावशीनं औषधाच्या खोक्याची एक फळी घेतली. दवाखान्याचे बोर्ड रंगवून उरलेले ऑइलपेंटचे डबे तिनं आणून ठेवलेलेच होते. शाळेनंतर हातात ब्रश धरला नव्हता. पण चार महिने रोज ते तोंड बघितलेलं, त्यामुळे हात अडला नाही. अडलं ते वेगळ्याच जागी. "नुसती मेंढी काढली, तर ती कुठलीही मेंढी दिसायला लागली," ती मला म्हणाली. "मग म्हटलं, ही बाई होती कशी? घरंदाज. कुरकुर नाही, पण कपाळावर आठी कायम." तिनं मेंढीच्या खांद्यावर राखाडी शाल घातली, गळ्याशी जाळीची पांढरी कॉलर, आणि नाकावर घसरलेला चष्मा. खुर्चीत ताठ बसवली. पुढचे दोन्ही पाय मांडीवर एकावर एक.

म्हाताऱ्यानं ते चित्र बराच वेळ पाहिलं. "हीच," तो म्हणाला. "मला यायला उशीर झाला की अशीच बघायची."

त्यानंतर सहा वर्षांत तिनं चाळीसेक चित्रं काढली. फ्रॉक-कोट घातलेला कोंबडा, खिशातून साखळीचं घड्याळ काढून वेळ बघणारा. मखमली सोफ्यावर बसलेली म्हैस, हातात कप, चेहऱ्यावर असा भाव की चहा बरा आहे पण आमच्याकडे याहून चांगला होतो. बुद्धिबळ खेळणारी दोन गाढवं. एक हरत आलेलं, दुसरं सभ्यपणानं खिडकीबाहेर बघणारं. सगळी दवाखान्यात आलेली जनावरं. डॉक्टरांनी ती व्हरांड्यात टांगायला लावली. कंपाउंडर म्हणाला, "ड्रेसरबाई आता जनावरांना खरोखरच ड्रेस घालायला लागल्या," आणि हा विनोद त्यानं पुढची सहा वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला.

प्रदर्शन भरवायची कल्पना मामाची. बहिणीचं कौतुक तोंडावर करणं त्याला कधी जमलं नाही; पण वाचनालयाचा हॉल त्यानं स्वतः झाडला, भिंतीला खिळे स्वतः ठोकले, आणि चित्रं एकेक करून जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरून नेली. बावीस निवडली. चित्रांखाली नावं काय द्यायची, असा प्रश्न आला. मावशी म्हणाली, "नावं कशाला? रजिस्टरात जे आहे ते लिही." माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. तिनं दवाखान्याचं रजिस्टर उघडून वाचत जायचं आणि मी लिहायचं. 'म्हैस. वय अकरा. उजवा कान फाटलेला.' 'कोंबडा. वय दोन. अन्न सोडले.' एकोणिसावी चिठ्ठी अशी होती: 'बोकड. वय नऊ. दातांचा त्रास.' माझ्या मनात काही आलं नाही. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

बोकडाचं ते चित्र त्या आधीच्याच महिन्यात पुरं झालं होतं. बंद गळ्याचा काळा कोट, वर पांढरी शुभ्र दाढी. टेबलामागे बसलेला, समोर घडी घातलेलं वर्तमानपत्र. जबडा किंचित एका बाजूला सरकलेला. नजर समोरच्यावर, कडक पण दुष्ट नाही.

उद्घाटनाला हेडसर आले. काळा बंद गळ्याचा कोट त्यांचा समारंभाचा ठरलेला, दाढी तर होतीच. हॉल भरला होता. फीत कापून ते एकेका चित्रापुढे थांबत चालले. म्हशीपुढे हसले. गाढवांपुढे म्हणाले, "वा, डाव बरोबर मांडलाय," आणि मावशीचा चेहरा उजळला. त्यांच्यामागून गर्दी सरकत होती. मग ते एकोणिसाव्या चित्रापुढे आले. चष्मा वर सरकवून त्यांनी आधी चित्र पाहिलं, मग वाकून चिठ्ठी वाचली. आणि काहीतरी बोलायला म्हणून त्यांचा जबडा हलला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढंच पुरलं. हसू रांगेतून मागे मागे गेलं. ज्यांना दिसत नव्हतं ते टाचा उंचावून बघायला लागले आणि दिसताच तेही हसले. मी मावशीकडे बघितलं. तिचा रंग उतरला होता. मामा खुर्च्यांपाशी उभा होता, हातात फुलांचा गुच्छ, आणि तो कुणाला द्यायचा हेच विसरल्यासारखा.

हेडसर सरळ झाले. तेही हसले. "चित्र उत्तम आहे," म्हणाले, आणि पुढे गेले. ठरल्याप्रमाणे दहा मिनिटं भाषणही केलं. त्या दहा मिनिटांत लोक शब्द ऐकत नव्हते, जबडा बघत होते, आणि ते त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी एक फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर पोचला. एका बाजूला हेडसर, एका बाजूला बोकड, खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी. आठवड्याभरात त्यांच्या घरावरून जाताना कुणी ना कुणी 'बँ' करून पळायला लागलं. वाचनालयाच्या मासिक सभेत ते बोलायला उभे राहिले आणि मागच्या रांगेतून तोच आवाज आला. मोठी, पोरंबाळं असलेली माणसं होती तिथे. हेडसर खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अध्यक्षपद सोडल्याची चिठ्ठी पाठवली आणि पाच वाजता येणं बंद केलं. वर्तमानपत्रं टेबलावर विस्कटलेली पडायला लागली. मामा रोज ती आवरायचा.

घरात मामा आठ दिवस गप्प होता. नवव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "तू मुद्दाम केलंस का?"

"मी बोकड काढला, दादा," मावशी म्हणाली. "वर्षभर येत होता तो. दाढा सडल्या होत्या त्याच्या. विचार डॉक्टरांना."

"डॉक्टरांना काय विचारू? मी तुला विचारतोय."

"सांगितलं ना."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ज्यानं भाकरीला लावलं, त्यालाच दाढी लावून भिंतीवर टांगलं. आणि वर बोकड म्हणे."

"त्यांना दाढी होतीच," मावशी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून उठून आत गेली.

"ते चित्र जाळून टाक," मामानं मागून सांगितलं.

"नाही."

"का नाही?"

तिनं आतून कडी लावून घेतली. ती आडमुठी होती हे आम्हाला माहीत होतं. पण भावाचा शब्द तिनं असा पहिल्यांदाच मोडला.

दवाखान्यातही सगळं बदललं. जी माणसं आधी व्हरांड्यातल्या चित्रांपुढे बसून आपल्या जनावराचा नंबर येईपर्यंत निवांत बघत राहायची, ती आता बोट दाखवून विचारायची, "ही म्हैस म्हणजे किराणावाल्याची बायको ना?" "तो कोंबडा कोण, तलाठी का?" मावशी सांगून थकली की ती म्हैस म्हणजे म्हैस आहे. लोक डोळा मारून म्हणायचे, "बरं बरं, नाही सांगत कुणाला." एक दिवस एक कापडवाला शेजाऱ्याचा फोटो घेऊन आला. "याचं गाढव करून द्या. हॅट घाला वर. दुकानात लावतो." मावशीच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. तो तिनं टेबलावर इतक्या जोरानं आपटला की खोड्यातली गाय दचकली. "चल, नीघ इथून," ती ओरडली. मग गायीकडे वळून म्हणाली, "माफ करा काकू." त्या दिवशी तिनं व्हरांड्यातली सगळी चित्रं उतरवली.

मग ती हेडसरांकडे गेली. एकटीनं जायचा धीर नव्हता, म्हणून मला नेलं. सुनेनं दार उघडलं, आत या म्हणाली, पण तोंड उघडून हसली नाही. "ते हल्ली जेवायलासुद्धा बाहेर येत नाहीत," ती हळूच म्हणाली. "ताट खोलीत मागवतात आणि दार लावून घेतात. आमच्यासमोर घास चावायची लाज वाटते त्यांना." मावशी ऐकत उभी राहिली. तिच्या वाकड्या करंगळीला ती दुसऱ्या हातानं ओढत होती.

हेडसर खुर्चीत बसले होते. कवळी काढलेली होती. आम्हाला बघून त्यांनी रुमाल तोंडाशी धरला आणि तो शेवटपर्यंत तसाच ठेवला.

"सर, मी माफी मागायला आलेय."

"बस."

ती बसली नाही. त्यांनीच विचारलं, "मला एक सांग. चित्र काढताना तुला मी दिसलो होतो का?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती घरी म्हणाली तेच म्हणणार. मनातल्या मनात मी तिला तेच म्हण, तेच म्हण असं सांगत होते.

"काढताना नाही," ती म्हणाली. "कोट घातला तेव्हाही नाही. सगळं झालं, जबड्यावर शेवटचा हात मारला आणि मागे सरकून बघितलं. तेव्हा दिसलात."

"मग पुसलं का नाहीस?"

"चित्र चांगलं झालं होतं, सर."

बाहेर सुनेनं नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. हेडसर रुमालाआडून श्वास घेत होते.

"म्हणजे लोकांना दिसेल हे तुला कळलं होतं."

"कळलं होतं. पण वाटलं, दिसलं तर काय, तुम्ही किती रुबाबदार दिसताय त्यात. मला तरी तसंच वाटलं. हसतील असं वाटलं नाही."

"ते लोकांचं झालं," हेडसर म्हणाले. "तुझं काय? तू हसली नव्हतीस?"

मावशी म्हणाली, "थोडीशी. एकटीच होते तेव्हा."

त्यांनी मान हलवली. शाळेत उत्तर बरोबर आल्यावर हलवायचे तशी. "खरं बोललीस, ते बरं केलंस. पण मी माफ केलं, असं माझ्या तोंडून निघत नाही. बघू. निघालं तर कळवीन." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चिठ्ठ्या तू लिहिल्यास ना? 'त्रास' सुरेख लिहिलायस."

पायऱ्या उतरताना मला रडू आलं. मावशीला आलं नाही. घरी पोचल्यावर तिनं मामाला तिथल्या तिथे सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. मामा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे माझ्याशी खोटं बोललीस."

"हो."

"हेडसरांपुढे खरं आणि माझ्यापुढे खोटं."

"हो, दादा."

मामानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांनी मावशी दवाखान्यामागच्या खोलीत राहायला गेली. ती खोली आधी चाऱ्याची होती, डॉक्टरांनी रंग मारून दिली. जाताना ट्रंक, कॉट आणि बोकडाची ती फळी, कापडात गुंडाळलेली. बाकीची चित्रं तिनं ज्यांची जनावरं त्यांना देऊन टाकली. म्हातारा मेंढपाळ तेवढा तिची चौकशी करायला आला. त्यानं काही फोटोबिटो बघितला नव्हता.

हेडसरांकडून निरोप आला नाही. दोन वर्षांनी ते गेले. मावशी त्यांच्या फाटकापाशी उभी राहिली, सगळे आत जात होते तरी. सुनेनं तिला पाहिलं, हाकललं नाही, बोलावलंही नाही. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत ती तिथे उभी होती. मग कामावर परत गेली. एका शेळीचं बाळंतपण अडलं होतं.

मधल्या वर्षांत तिनं दोन-चारदा ब्रश हातात घेतला. आता कपडे नकोत, नुसतं जनावर काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. एक वासरू काढलं, एक कुत्रा. मला दाखवले. चांगले होते, पण बघून पुढे जावं इतकेच. तिलाही ते कळलं. "हे मला ओळखत नाहीत," ती म्हणाली, आणि डबे बंद केले. जनावरांशी बोलणं मात्र सुटलं नाही. उलट ते वाढलं. कधी कधी मी गेले की बाहेरूनच आवाज यायचा, "आबासाहेब, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण माझा इलाज नाही," आणि आत एखादा बैल मान खाली घालून ऐकत असायचा.

ती निवृत्त झाली त्या दिवशी मामा आला. आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या खोलीत पाऊल टाकत होता. मामी त्याच्या वर्षभर आधी वारली होती आणि घरात तो एकटा होता. "चल घरी," तो म्हणाला, एवढंच. मावशीनं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कपाट उघडून कपडे काढायला लागली. सामान बांधताना कपाटामागची फळी मामाच्या हाताला लागली. कापड सुटलं. त्यानं ती उजेडात धरली.

मी त्याच्या शेजारी होते. बोकड काळ्या कोटात बसला होता, जबडा सरकवून, आता काहीतरी सुनावणार अशा बेतात. इतक्या वर्षांनी हेडसर त्या खोलीत आल्यासारखे झाले. आणि मामाला हसू फुटलं. त्यानं ओठ आवळले, मान वळवली, पण ते आवरेना. खांदे गदागदा हलायला लागले. मग त्यानं तोंडावर हात दाबला आणि कॉटवर बसला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "माझ्याच्यानं राहवलं नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "बघ ना, मलासुद्धा राहवलं नाही."

मावशी त्याच्याजवळ गेली. जखम धुताना वापरायची तो आवाज तिनं लावला. "असू द्या," ती आपल्या सख्ख्या भावाला म्हणाली. "बसा जरा. पाणी घ्या."

त्या संध्याकाळी ती त्याच्याबरोबर गेली. दोघं अजून तिथेच राहतात. फारसं बोलत नाहीत. पाच वाजता मावशी वाचनालयात जाते, कुणी विस्कटलेली वर्तमानपत्रं दिसली की घडी घालते, आणि तिथल्या नव्या मुलीला वाटतं की या बाई पगारावर आहेत.